दुसरं मशीन

४ तारीख, जहाजावरून

प्रिय ताई,

काल कंपनीच्या ऑफिसातून तुझा निरोप आला. कप्तान स्वतः कागद घेऊन इंजिनरूममध्ये उतरला, तेव्हाच मी धसकलो. हा माणूस कधी खाली येत नाही, तेलाचा वास त्याला सोसत नाही. कागद उघडला तर काय, 'बाबा मशीनवर आहेत. काळजी करू नकोस.'

अगं, काळजी कसली! मी हातातला पाना टाकून नाचायचाच बाकी होतो. परवापर्यंत तू म्हणत होतीस की ताप हटत नाही, धाप लागते, हॉस्पिटलात ठेवलंय. आणि हे गृहस्थ घरी येऊन मशीनवर बसलेसुद्धा! वकीलबाईंच्या काळ्या कोटाची एक बाही राहिली होती ना, तिच्यासाठी जीव खालीवर होत असणार. त्यांना म्हणावं, बाही पळून जात नाही, जरा दम खा. आणि तू लगेच त्यांच्यावर ओरडू नकोस. 'आता शिवणं बास करा' हे तुझं भाषण निदान आठवडाभर कपाटात ठेव. माणूस आजारातून उठला की आधी आपल्या कामाकडेच जातो, त्यात चुकीचं काय आहे?

त्यांना विचार, माझं बोलणं लक्षात आहे ना? कशाबद्दल ते त्यांना कळेल. तू मध्ये पडू नकोस.

जहाजाची डाक उपग्रहावरून दिवसातून एकदाच येते-जाते, त्यामुळे उत्तराला वेळ लागला तर बोंबा मारू नकोस.

तुझा धाकटा

५ तारीख

शहाण्या,

तुझं पत्र मी अतिदक्षता विभागाच्या बाहेर, प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून वाचलं. हसावं की रडावं कळेना. शेजारच्या बाईंनी न मागता पाणी आणून दिलं, म्हणजे रडलेच असणार.

बाबा शिवणाच्या मशीनवर नाहीत. बाबा श्वासाच्या मशीनवर आहेत. व्हेंटिलेटरवर. दोन्ही फुफ्फुसांत न्यूमोनिया पसरला, बोलताना शब्द अर्धवट तुटायला लागले, तेव्हा तोंडातून घशात नळी घातली. आता झोपेचं औषध चालू आहे आणि छाती मशीनच्या तालावर वरखाली होते. निरोप लिहिताना मला वाटलं, 'मशीनवर' म्हणजे काय हे अख्ख्या जगाला कळतं. आपल्या घरात 'बाबा मशीनवर आहेत' याचा अर्थ 'ताट झाकून ठेवा आणि दार हळू लावा' असा होतो, हे मी साफ विसरले. कोर्टात मी स्टेनो. समोरचा बोलेल ते शब्दशः उतरवायचं, एक 'पण' इकडचा तिकडे होऊ द्यायचा नाही, यावर माझी भाकरी चालते. आणि घरचा एवढासा निरोप मला धड लिहिता आला नाही. जाऊ दे.

नळी घालायच्या आधी बाबा शुद्धीवर होते. माझा हात धरून एक वाक्य बोलले. ते माझ्यापाशी आहे. आज लिहीत नाही, वेळ आली तर लिहीन.

फुफ्फुसांचे डॉक्टर उंच आहेत आणि कायम घाईत. दारात उभ्या उभ्या सांगतात, 'श्वासाचे कष्ट मशीन करतंय, फुफ्फुसांना जरा उसंत मिळेल.' मी विचारलं, किती दिवस? 'बघू.' इथे ज्याला त्याला विचारावं, तो 'बघू' म्हणतो. वॉर्डबॉयसुद्धा. माझं डोकं फिरतं त्या शब्दाने.

तू येऊ शकतोस का? हो किंवा नाही, एवढंच लिही. कारणं नकोत.

ताई

६ तारीख, जहाजावरून

प्रिय ताई,

नाही.

कारणं नको म्हणालीस तरी लिहितो. चारी बाजूंना पाणी आहे आणि मला पोहत यायला जमणार नाही. पुढच्या बंदराला लागलो की उतरतो, कप्तानाने तोंडी कबूल केलंय. तोवर मी इथे नुसता बसून आहे. काल पंपाचं झाकण उलटं बसवलं. हाताखालच्या माणसाने ते काढून नीट बसवलं, त्याचाच जास्त राग आला.

आणि मी नाचायला निघालो होतो गं. ते डोक्यातून जात नाही.

पण ऐक, मशीनमधलं मला थोडं कळतं. नळी आहे, दाब आहे, हवा आत जातेय, म्हणजे हे आपल्याच खात्यातलं प्रकरण आहे. हवा पुरेशी जात नसेल तर दाब वाढवा म्हणावं. आम्ही इथे तेच करतो. डॉक्टर लोक उगाच भीत भीत काम करतात. तू ठणकावून सांग, कोर्टात वकिलांना गप्प करतेस तसं.

ते वाक्य काय होतं? सांगून टाक ना. मला इथे काय काय सुचतंय ते तुला माहीत नाही.

धाकटा

९ तारीख

खलाशीबुवा,

आज जरा बरी बातमी आहे, म्हणून आधी तीच.

दाब त्यांनी वाढवलाच होता, तुझ्या सल्ल्याची वाट न बघता. रक्तातला ऑक्सिजन सुधारलाय. नर्सने आकडा दाखवला तेव्हा मी तिला मिठी मारायचीच बाकी होते. आत्या येऊन गेली. बाबांना बघून म्हणाली, 'अगं, अंग भरलंय याचं! गालफडं बसली होती, बघ कशी वर आली.' खरंच रे. चेहरा गुटगुटीत झालाय. कपाळावरच्या आठ्या गेल्या. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली ती बोटं, तीसुद्धा लहान मुलासारखी गोबरी दिसतात. नळीतून दूध-पाणी जातंय ते अंगी लागलं म्हणायचं. घरी दोन घास जास्त खा म्हटलं तर अंगावर यायचे!

लघवीची पिशवी मात्र रिकामी रिकामी दिसते. मी विचारलं, तर नर्स 'लक्ष आहे आमचं' म्हणाली. इथे उकडतं फार. घामावाटे जात असेल.

ते वाक्य विचारू नकोस. आज चांगला दिवस आहे.

ताई

१० तारीख, जहाजावरून

प्रिय ताई,

बघ! मी म्हटलं नव्हतं, दाब वाढवा? आता तरी मान की तुझ्या भावाला अक्कल आहे.

आज पोटभर जेवलो. आचाऱ्याला सांगितलं, आमचे बाबा गुटगुटीत झालेत. तो म्हणाला, मग फोटो मागव. पाठव ना एक. मी त्यांना जाडं कधीच पाहिलेलं नाही. लोकांच्या कमरेची मापं घेता घेता स्वतःची कंबर करायची राहूनच गेली, असं आई म्हणायची.

धाकटा

१२ तारीख

फोटो पाठवणार नाही. आणि पुन्हा 'मी म्हटलं नव्हतं' असं लिहिलंस तर पत्र न वाचता पुसून टाकीन.

अंग भरलं नव्हतं. ती सूज होती. पाणी. नुसतं पाणी.

काल किडनीच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. ठेंगणीशी बाई, केसांना चिमटा, पण ती माझ्या शेजारच्या खुर्चीत बसली. इतक्या दिवसांत बसून बोललेली ती पहिली. तिने बाबांच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खळगा तसाच राहिला, कणकेवर राहतो तसा. मी म्हटलं, मला वाटलं तब्येत सुधारली. ती हसली नाही. म्हणाली, 'बऱ्याच जणांना तसं वाटतं.'

मग तिने सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण तू नेहमीप्रमाणे अर्धं वाचून सल्ला देशील. आपण स्वतः श्वास घेतो तेव्हा छाती हवा आत ओढते, आणि त्या ओढीबरोबर अंगातलं रक्तही हृदयाकडे परत येतं. मशीन ओढत नाही, ढकलतं. छातीत सतत दाब राहतो. परत येणाऱ्या रक्ताची वाट अडते, हृदय पुढे कमी पाठवतं, आणि मागे तुंबलेल्या रक्ताचा भार किडनीवर पडतो. किडनीला वाटतं अंगातलं पाणीच आटलंय. मग ती मीठ आणि पाणी धरून बसते, सोडत नाही. अंग फुगतं, लघवी कमी होते. तेच पाणी फुफ्फुसांत उतरतं, फुफ्फुसं जड होतात, की मशीनला आणखी दाब द्यावा लागतो. की किडनी आणखी आखडते. चालू दे गोल गोल.

मी विचारलं, म्हणजे मशीनने किडनी बिघडवली? म्हणाली, 'एकट्या मशीनने नाही. जंतुसंसर्ग आहे, वय आहे. पण मशीनचा वाटा आहे.' मग काढा मशीन! 'काढलं तर श्वास थांबेल.' मग दाब कमी करा! 'केला होता सकाळी. ऑक्सिजन घसरला.' सगळ्याला उत्तर तयार आणि एकाही उत्तराचा उपयोग नाही.

पुढची गंमत ऐक. फुफ्फुसवाले म्हणतात सलाईन कमी करा, छाती भिजलीय. ही म्हणते फार आवळू नका, रक्तदाब पडतोय, किडनी पार सुकेल. दोघं खाटेच्या दोन बाजूंना उभे राहून शांतपणे, सभ्यपणे वाद घालतात. आणि मधे आपला बाप, पाण्याने भरलेल्या पिशवीसारखा. मला दोघांना बखोट धरून बाहेर काढावंसं वाटलं. पण बाहेर काढून मी काय करणार होते? मला कुठे येतं काही?

लघवीच्या औषधाने काही झालं नाही. आता किडनीचं मशीन लावावं लागेल असं म्हणतात, डायलिसिस. अंगातलं पाणी हळूहळू काढायचं, म्हणजे छाती हलकी होईल, म्हणजे दाब उतरवता येईल, म्हणजे किडनीला पुन्हा उठायला संधी. संधी म्हणाली. खात्री नाही म्हणाली.

ताई

१३ तारीख, जहाजावरून

ताई,

मग लाव ना! वाट कसली बघतेस? पत्र कसलं लिहितेस? पाणी तुंबलंय, काढायला मशीन आहे, सही कर आणि मोकळी हो. तू कोर्टात राहून राहून प्रत्येक गोष्टीला पुढची तारीख द्यायला शिकलीस.

दाबाचं मी बोललो ते चुकलं. कबूल. आता त्याच्यावरून मला सोलू नकोस.

मी इथे भिंतीवर डोकं आपटायचा बाकी आहे. बंदर जवळ येतंय म्हणतात, पण समोर काही दिसत नाही. तू तिथे आहेस, तुझ्या हातात आहे, आणि तू मला किडनी कशी आखडते ते समजावत बसलीस. सही कर.

धाकटा

१४ तारीख

तुला सगळं सोपं वाटतं, कारण तू इथे नसतोस. आईच्या वेळी नव्हतास, आताही नाहीस. दुरून 'सही कर' म्हणायला काय जातं?

ऐक तर मग ते वाक्य. नळी घालायची तयारी चालू होती. फुफ्फुसवाल्यांनी बाबांच्या खाटेशीच मला सांगितलं होतं की याचा ताण इतर अवयवांवर येऊ शकतो, कधी किडनीसाठी आणखी एक मशीन लागतं. बाबा ऐकत होते. मग त्यांनी माझा हात ओढला. मास्क बाजूला केला. म्हणाले, 'त्याला सांग, दुसरं मशीन नको मला.'

शब्द हेच आणि याच क्रमाने. मी ऐकण्यात चुकत नाही, ते माझं काम आहे. मी म्हटलं, सांगते. त्यांनी मान हलवली, डोळे मिटले, मग नळी.

'त्याला' म्हणजे डॉक्टरला. पाठमोरा उभाच होता तो, हातमोजे चढवत. मी तेव्हा त्याला सांगितलं नाही, मला वाटलं वेळच येणार नाही. काल सांगितलं. त्याने किडनीवालीला बोलावून घेतलं. किडनीवाली म्हणाली, 'रुग्णाचं स्वतःचं म्हणणं असेल तर ते सगळ्यात वर. पण त्यांना हेच म्हणायचं होतं, याची तुम्हाला खात्री आहे?' मी म्हटलं, मी वीस वर्षं लोकांची वाक्यं उतरवून घेतेय. खात्री आहे.

तुला काय वाटतं, ते जगायला नकोत का मला? मी रोज त्यांची नखं बघते, निळी आहेत की गुलाबी. पण त्या माणसाने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. कपडे सगळ्यांचे नवे शिवले, स्वतः उसवलेलेच घातले. शेवटी एक गोष्ट मागितली, ती मोडायची? मी नाही मोडणार. दुसरं मशीन लावायचं नाही असं मी सांगून आलेय.

फोन करू नकोस. उचलणार नाही. तुझ्याशी बोलले की मी ओरडते, आणि इथे ओरडायला बंदी आहे.

ताई

१५ तारीख, जहाजावरून

ताई, ताई, थांब. हे पूर्ण वाच. शिव्या मग घाल.

'त्याला' म्हणजे डॉक्टर नाही. 'त्याला' म्हणजे मी.

मागच्या बंदरावरून मी बाबांना फोन केला होता. तू कोर्टात होतीस, मुद्दाम तीच वेळ गाठली. त्यांना म्हटलं, पायाने मशीन किती दिवस हाकत बसणार? गुडघे दुखतात तुमचे. मी मोटरवालं नवीन शिलाई मशीन घेतलंय, पैसेही भरलेत, दुकानदार थोड्या दिवसांत घरी आणून बसवून देईल. ते म्हणाले, 'जुनं चालतंय की.' मी म्हटलं, जुनंही राहू दे, हे दुसरं. खूप आग्रह केला. शेवटी म्हणाले, 'बघू.' मी म्हटलं, बघू नाही, विचार करून ताईकडे निरोप द्या, हो की नाही.

तुला सांगितलं नाही, कारण तू कडाडली असतीस. तू त्यांचं शिवण बंद करायला निघालीस आणि मी त्यांना नवीन मशीन देतोय, यावरून आपलं महाभारत झालं असतं. पहिल्या पत्रात 'माझं बोलणं लक्षात आहे का विचार' लिहिलं होतं, ते हेच.

बाबा डॉक्टरला कधी अरेतुरे करतात का? कंपाउंडरलासुद्धा 'साहेब' म्हणतात ते. बाबांच्या तोंडी 'त्याला सांग' म्हणजे जन्मभर मीच. 'त्याला सांग वेळेवर ये, त्याला सांग जेवून घे.' तूच आणून द्यायचीस ना हे निरोप माझ्या खोलीच्या दाराशी?

शब्द तू बरोबर ऐकलेस गं. तुझ्या ऐकण्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण ते मशीन वेगळं होतं. पाया पडतो तुझ्या. सही कर.

कप्तानाच्या फोनवरून फोन केला, तू कट केलास. पुन्हा करतोय.

धाकटा

१६ तारीख, जहाजावरून

ताई,

पत्र मिळालं का? मिळालं एवढं तरी लिही.

कप्तानाने त्याचा फोन माझ्याकडेच देऊन ठेवलाय. तुझा नुसता वाजतो, वाजतो आणि बंद पडतो. तू हट्टी आहेस हे मला माहीत आहे, पण एवढी नसशील. आत्याला लावला, तर ती म्हणे, 'आता मला आत कुठे सोडतात?' आणि रडायला लागली. हॉस्पिटलला लावला. तिथे आधी गाणं लागतं आणि मग फोन कटतो.

जिवंत आहेत ना?

धाकटा

१८ तारीख

जिवंत आहेत.

तुझं पंधरा तारखेचं पत्र मी उघडलं नव्हतं. नाव बघितलं आणि ठेवून दिलं. म्हटलं, पुन्हा अक्कल शिकवली असेल. दुसरं आलं तेही तसंच. सोळाच्या संध्याकाळी घरी कपडे बदलायला गेले तर दारात हे भलंमोठं खोकं. शिलाई मशीनचं. दुकानदाराचा माणूस घाम पुसत उभा. मी दार उघडलं तसा आतलं जुनं बघून म्हणाला, 'बाई, दुसरं मशीन कुठे ठेवू?'

दुसरं मशीन. हेच शब्द. पायरीवर बसून मोबाइलवर तुझी दोन्ही पत्रं वाचली आणि तशीच उठून चालू पडले, कपडे न बदलता. घराचं दारसुद्धा लावलं नाही. तो बिचारा खोकं घेऊन उभाच.

किडनीवाल्या बाई घरी निघाल्या होत्या, पर्स खांद्याला. मी जिन्यातच गाठलं आणि धापा टाकत शिलाई मशीनची सगळी कथा सांगितली. मला वाटलं, वेडी म्हणेल. तिने पर्स खाली ठेवली. म्हणाली, 'तुम्ही आता नक्की काय सांगताय?' मी म्हटलं, मला माहीत नाही. कारण नाहीच रे माहीत. तुझं म्हणणं पटतं. पण डॉक्टर तेव्हा किडनीच्या मशीनबद्दलच बोलले होते, आणि ते बाबांनी ऐकलं होतं, हेही खरंच आहे. एक वाक्य आणि दोन मशीनं. विचारायचं कुणाला? ते तर झोपलेत. बाई म्हणाली, 'शंका असेल तर आपण जगण्याच्या बाजूने जाऊ. जागे झाले की त्यांनाच विचारू. नको म्हणाले तर थांबवता येतं.' मी सही केली. ती सही माझी वाटत नाही.

मानेजवळच्या शिरेतून नळी घातलीय. मशीन हळूहळू चालतं, रक्तदाब सोसेल तसं. पहिल्या दिवशी काहीच फरक नाही. मी तुला, डॉक्टरांना, त्या खोक्याला, सगळ्यांना मनातल्या मनात शिव्या दिल्या. आज सकाळी पोटऱ्यांना सुरकुत्या दिसल्या. सुरकुत्या बघून एवढा आनंद कुणाला झाला नसेल. फुफ्फुसवाल्यांनी मशीनचा दाब थोडा उतरवला आणि ऑक्सिजन टिकला. ते आज दोन मिनिटं बसले. खुर्चीत.

तुझ्यावर मी अजून चिडलेले आहे. चोरून मशीन घेतलंस. आणि माझ्यावर त्याहून जास्त. दोन दिवस गेले माझ्या खात्रीपायी. त्या दोन दिवसांनी त्यांचं काय नुकसान झालं, हे कुणी सांगत नाही, आणि विचारायची माझी छाती होत नाही.

फोन कर. उचलेन.

ताई

३० तारीख

भाऊराया,

फोनवर काल तुझा आवाज फुटत होता म्हणून सगळं नीट लिहिते. तू बंदरावर उतरेपर्यंत हे मिळेल.

घशातली नळी काढून गळ्याला छोटं भोक पाडून तिथून श्वास चालू आहे. दिवसाचे काही तास ते मशीनशिवाय काढतात, मग थकतात. किडनी मात्र रुसलेलीच आहे. डायलिसिस एक दिवसाआड. लघवी होते, पण इतकीशी, की नर्स पिशवी उजेडात धरून बघते. बाई म्हणते कधी कधी किडनी उशिरा जागी होते, कधी होत नाही. मी 'बघू' म्हणायच्या आत तिनेच म्हटलं.

आज झोपेचं औषध पूर्ण उतरलं. डोळे उघडे आणि शहाणे. बोलता येत नाही, म्हणून पाटी-पेन्सिलीसारखं कागद आणि पेन दिलं. पहिली ओळ काय लिहिली असेल? 'कोटाची बाही.' मी म्हटलं, वकीलबाई स्वतः येऊन गेल्या, थांबते म्हणाल्या. मग खोलीभर नजर फिरवली आणि डायलिसिसच्या मशीनवर येऊन थांबली.

मी विचारलं. सरळ विचारलं, साक्षीदाराला विचारतात तसं. बाबा, तुम्ही म्हणालात, त्याला सांग, दुसरं मशीन नको मला. ते कोणतं मशीन? हे, की धाकट्याने पाठवलेलं शिवायचं?

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं कापड कमी आणणाऱ्या गिऱ्हाइकाकडे बघतात. मग लिहायला घेतलं. अक्षर फुटकं, पण ओळ सरळ. त्यांनी लिहिलं ते असं:

'शिवायचं परत पाठव. हे राहू दे अजून.'

मी कागद हातात घेऊन तिथेच हमसून हमसून रडले. नर्सने पडदा ओढला. बरंच रडून झाल्यावर माझ्यातली स्टेनो जागी झाली. एकदा तोंडावर आपटलेय, आता शब्द उतरवून भागणार नाही, अर्थही विचारून घ्यायचा. मी 'अजून' या शब्दावर बोट ठेवलं. म्हटलं, बाबा, अजून म्हणजे किती दिवस?

त्यांनी कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि खाली लिहिलं, 'बघू.'

कागद घडी घालून पर्समध्ये ठेवलाय. तू ये लवकर, आणि त्या खोक्याची पावती घेऊन ये, परत पाठवायला लागेल.

ताई